पुष्कराज ठेवायचा कुठे?

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता आणि त्याचा स्वतःच्या बोटांवरसुद्धा भरवसा नव्हता. हे मी पदरचं सांगत नाही. दूध आलं की एक चाकर ते चाखायचा, दुसरा चाकर पहिल्याकडे टक लावून बघायचा आणि तिसरा दुसऱ्याकडे. तिघेही धडधाकट राहिले की राजा म्हणायचा, "तिघांचं संगनमत दिसतंय," आणि दूध मोरीत ओतायला लावायचा. राणी देवाघरी गेलेली. भाऊबंद त्याने कधीच सीमेवर धाडून दिलेले. उरली एक लेक, चारुमती, नऊ वर्षांची. तेवढ्या एका पोरीवर त्याने कधी संशय घेतला नाही, आणि सगळा जीव तिच्यावरच ओवाळून टाकला होता.

त्या राज्याचा एक जुना रिवाज होता. दर गुरुवारी राजाने अनवाणी राजगुरूंच्या झोपडीत जायचं, पिवळी फुलं वाहायची, कपाळी हळदीचा टिळा लावून घ्यायचा आणि घटकाभर मुकाट्याने बसायचं. अरिंजयाचा आजा जात होता, बाप जात होता, तोही जात होता. झोपडीच्या कोनाड्यात लिंबाएवढा एक पुष्कराज असे. आकाशातल्या बृहस्पतीने, म्हणजे गुरू ग्रहाने, तो आपल्या मुकुटातून काढून पहिल्या राजगुरूंच्या ओंजळीत ठेवला होता. ग्रहाचं सगळं बळ त्या मण्यात होतं. त्याच्यामुळे राज्यात पाऊस वेळेवर पडे, वांझ झाडं फळत, मुलं शिकत आणि शिकलेली मुलं नम्र राहत. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड, हे तुम्ही जाणताच.

पण राजाच्या डोक्यात किडा वळवळायचा. राजगुरू मेधातिथी म्हातारे, अंगावर मूठभर मांस नाही, पोटी मूल नाही. झोपडी चार ठिकाणी गळते. पानात नाचणीची भाकरी आणि मिठाचा खडा. राजा तिथे डोळे मिटून बसे आणि मिटल्या डोळ्यांनी विचार करी, की एवढा मणी घरात असून हा माणूस उपाशी कसा? छे छे! कुठेतरी पाणी मुरतंय. याने सगळं पुरून ठेवलंय आणि वर हे सोंग आणलंय.

एका गुरुवारी तो फुलांऐवजी शिपाई घेऊन गेला. झोपडीची जमीन खणली, मडकी फोडली, छपराचं गवत उपसलं. सापडलं काहीच नाही. काहीच सापडलं नाही म्हणून त्याचा संशय पक्का झाला.

"राजा," मेधातिथी म्हणाले, "आज मी तुला एक गोष्ट सांगणार होतो."

"सांगायचं ते आता सीमेपलीकडे सांगा," राजा म्हणाला. त्याने मणी उचलला, शेल्यात गुंडाळला आणि राजगुरूंना राज्याबाहेर घालवून दिलं.

म्हातारा जाताना एवढंच बोलला, "ठेवशील तिथे चार जाणत्यांना विचारून ठेव."

विचारून? राजाच्या मनात पाल चुकचुकली. ज्याला विचारावं तोच चोरणार! खजिन्यात ठेवावा तर खजिनदार होता. देवघरात ठेवावा तर पुजारी होता. शेवटी त्याने तो लेकीच्या खोलीत ठेवला. मनोऱ्यावरची ती खोली, वाटेत सात दारं, सात दारांना सात कुलुपं आणि सातही किल्ल्या राजाच्या कंबरेला. खिडकीसमोरच्या कोनाड्यात मणी ठेवून त्याच्यापुढे त्याने चारुमतीच्या बाहुल्या मांडल्या. "हा बाहुल्यांचा देव," तो लेकीला म्हणाला, "कोणालाही सांगायचं नाही." पोरगी मोठी आज्ञाधारक. तिने आपल्या दाईलाही सांगितलं नाही.

पहिल्या गुरुवारी चारुमतीची सावली गेली. दाईने सकाळी केस विंचरताना पाहिलं तर भिंतीवर दाईची सावली, फणीची सावली आणि मध्ये काहीच नाही. दुसऱ्या गुरुवारी आरशातलं रूप गेलं. तिसऱ्या गुरुवारी आवाज गेला, ओठ हलत पण शब्द येईना. चौथ्या गुरुवारी तिचं वजन गेलं. वाऱ्याची झुळूक आली की पोरगी अंथरुणावरून वर तरंगे. दाईने रेशमी पट्टा तिच्या कंबरेला बांधला, दुसरं टोक पलंगाच्या खुराला बांधलं आणि पदर तोंडात कोंबून रडत बसली.

राजाच्या तोंडचं पाणी पळालं. राज्यातले सगळे ज्योतिषी आले. त्यांनी पत्रिका मांडली, पुन्हा मांडली, एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. "महाराज, मुलीला गुरूचं बळ भरपूर आहे. असं झिजण्याचं कारण दिसत नाही. तिच्या खोलीत गुरूची म्हणून काही वस्तू आहे का?"

"नाही," राजा म्हणाला. त्याला वाटलं, हे आडून मण्याचा ठावठिकाणा काढताहेत.

"अगदी काही नाही?"

"नाही म्हणून सांगितलं ना!"

ज्योतिष्यांनी पोथ्या बांधल्या आणि ते गेले.

आता दुसरी गोष्ट ऐका. मनोऱ्याच्या खिडकीखाली कुंभारवाडा होता, तिथे एकाएकी भरभराट झाली. तिथल्या भट्टीत मडकं तडकेनासं झालं. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखायचे थांबले. भिंतीवर वेल चढले आणि एकेका घरात जुळी बाळं झाली. हे राजाच्या कानावर आलं आणि त्याने मांडी थोपटली. म्हणजे हे कुंभारच! हेच करणी करून माझ्या लेकीचं आयुष्य खाली ओढून घेताहेत. त्याने कुंभारवाड्यात चार हेर बसवले. चारही हेरांच्या बायकांना दिवस गेले आणि ते आनंदाने पेढे वाटू लागले. मग राजाचा हेरांवरही संशय बसला.

सोमवारी सकाळी मनोऱ्याच्या खिडकीत एक भारद्वाज येऊन बसला. डोळे लालभडक, पंख तांब्याचे. राजा लेकीचा पट्टा धरून बसला होता.

"राजा," पक्षी म्हणाला, "येत्या गुरुवारी सूर्य उगवला की या पट्ट्यात काही उरणार नाही."

"तू कोणाचा हेर?"

"काळ्या नदीपलीकडच्या डोंगरावर मेधातिथी राहतात. उपाय त्यांना ठाऊक आहे. वाटेत तीन दारं लागतील. पहिल्या दारी मागून खा. दुसऱ्या दारी पाठ फिरवून बस. तिसऱ्या दारी खरं बोल. एकटा ये, शस्त्र आणू नकोस."

एकटा? बिनशस्त्र? ज्याला हाकललं त्याच्याच दारात? राजाला सापळा स्पष्ट दिसला. त्याने प्रधानाला, सुबंधूला, बोलावलं.

"महाराज, मला पाठवा," सुबंधू म्हणाला. तो राजाच्या बापाच्या वेळचा माणूस.

राजाला वाटलं, याला एवढी घाई का? "आणि मीच गेलो तर?"

"तर मग लवकर निघा, महाराज."

राजाला वाटलं, मला घालवायची एवढी घाई का? त्याने पट्टा दाईच्या हाती दिला. लेकीकडे पाहिलं. ती हसली, आणि त्या हसण्यातून मागची उशी दिसली. राजाने बाहेरून सातही दारं कुलूपबंद केली, किल्ल्या कंबरेला खोवल्या, आणि अंगावर घोंगडी घेऊन एकटाच निघाला. पाठवायला भरवशाचं दुसरं कोणी नव्हतंच.

भारद्वाज पुढे उडत होता. तो थेट कुंभारवाड्यात शिरला आणि एका दारावर जाऊन बसला. राजाचं रक्त उसळलं, पण पट्टा डोळ्यांपुढे होता. तो दारात उभा राहिला.

"माई, भूक लागलीय."

आतून येसू कुंभारीण आली. हात राखेने माखलेले. तिने राजाला ओळखलं नाही. "या की पावणं. उभं का? बसा. पिठलं उतरतंय चुलीवरनं."

तिने भाकरी थापली, वर पिवळंधमक पिठलं वाढलं. राजाने ताटाकडे पाहिलं. चाखणारा कोणी नव्हता. येसू पाणी आणायला वळली तसा त्याने एक घास चोरून कोंबडीपुढे टाकला. कोंबडीने तो खाल्ला, तिला सोन्याचं शेपूट फुटलं आणि ती मोठ्या ऐटीत परसात निघून गेली. म्हणजे विष नव्हतं. पण सोन्याचं शेपूट तरी कोणाला हवंय? राजा घामाघूम झाला. शेवटी देवाचं नाव घेऊन त्याने घास तोंडात घातला.

घास गरम होता.

चाखणाऱ्यांच्या, बघणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांकडे बघणाऱ्यांच्या हातून फिरून राजाचं जेवण रोज थंडगार व्हायचं. वीस वर्षांत गरम भाकरी त्याच्या जिभेला लागली नव्हती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"तिखट झालं का?" येसूने विचारलं.

"नाही, माई. छान झालंय." मग त्याला आपलं काम आठवलं. "तुमच्या वाड्यात एवढी बरकत कशी आली?"

"काय सांगावं! त्या वरच्या खिडकीतनं रोज सकाळी पिवळी तिरीप येते. जिथं पडंल तिथलं बरं होतंय. राजाची लेक राहती म्हणं तिथं. तीच आमच्याकडं बघत असंल. आजारी हाय पोर. आमी समदे रोज तिच्या नावानं दिवा लावतो." आणि तिने कोपऱ्यातली पणती दाखवली.

राजाने मान खाली घातली. पिवळी तिरीप. त्याच्या मनात काहीतरी हललं, पण त्याने ते दाबून टाकलं. भारद्वाज उडाला आणि राजा त्याच्या मागोमाग निघाला.

मंगळवारी ते काळ्या नदीवर आले. नाव होती, नावाडीण होती, म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी.

"माझ्याकडे पाठ करून बस," ती म्हणाली. "पैलतीर लागेतो वळून बघू नकोस. बघितलंस तर नदी रुंद होते. ती तशीच आहे, मी काय करणार?"

आंधळ्या बाईच्या हाती वल्हं, आणि तिच्याकडे पाठ करून बसायचं! राजा बसला. दहा वल्ह्यांनंतर त्याला वाटलं, ही सुरी काढत असेल. तो वळला. म्हातारी वल्हवत होती. नदी दुप्पट झाली. पुन्हा वाटलं, ही नावेला भोक पाडत असेल. तो वळला. नदी चौपट झाली. संध्याकाळी वाटलं, ही गोलगोल फिरवतेय. तो तिसऱ्यांदा वळला आणि दोन्ही तीर दिसेनासे झाले.

"पोरा," म्हातारी दमून म्हणाली, "माझ्या खांद्याचं तरी बघ जरा."

राजाला लाज वाटली. बुधवार उजाडला, ऊन चढलं, पाणी संपेना. लेकीचं हसू आणि त्यातून दिसणारी उशी सारखी डोळ्यांपुढे येत होती. करणार काय? वळलं तर वाट वाढते. नाही वळलं तर मरण, असंच त्याला वाटत होतं. मग वीस वर्षांचं जागरण एकदम त्याच्या पापण्यांवर बसलं आणि बसल्या बसल्या त्याला झोप लागली. उघड्यावर, परक्या बाईच्या हाती जीव देऊन राजा घोरू लागला. नाव काठाला टेकली तेव्हा दुपार होती. म्हातारीने त्याच्या डोक्यावर आपला पदर धरला होता, ऊन लागू नये म्हणून.

"तुझं नाव काय, आई?" त्याने विचारलं.

"नावं विचारत बसू नकोस. पोरीसाठी चाललायस ना? पळ."

आपण पोरीसाठी चाललोय हे हिला कोणी सांगितलं? किडा पुन्हा वळवळला. पण नदी मागे राहिली होती आणि तो पळत सुटला.

डोंगराच्या पायथ्याशी काळ्या कातळात एक दार होतं, हत्ती जाईल एवढं. पुढे मांत्रिक कालदंष्ट्र बसला होता. त्याच्या दाढीत विंचू फिरत होते आणि तो एकेक उचलून मायेने पुन्हा दाढीत ठेवत होता.

"जे कोणालाच सांगितलं नाहीस ते सांग," मांत्रिक म्हणाला. "मग जा."

राजाने विचार केला. "मी निरपराध राजगुरूंना हाकललं."

"ते साऱ्या राज्याला माहीत आहे." दार आक्रसलं आणि माणसाएवढं झालं.

"प्रधानाच्या घरी माझे हेर आहेत."

"ते प्रधानालाही माहीत आहे. तो त्यांना रोज ताक पाजतो." दार आणखी आक्रसलं. आता त्यातून मांजर गेलं असतं. वर उन्हाचा रंग बदलू लागला होता.

राजाला पुन्हा संशय आला. सगळ्यांना, पहिल्यापासून सगळ्यांना, त्या पक्ष्याला, ज्योतिष्यांना, या मांत्रिकाला, फक्त एकच गोष्ट काढून घ्यायची असणार. तो बोलला की मणी गेला. आणि नाही बोलला तर? त्याला पट्ट्याचं रिकामं टोक दिसलं.

"पुष्कराज माझ्या लेकीच्या खोलीत आहे," तो म्हणाला. "कोनाड्यात. बाहुल्यांमागे."

मांत्रिक ताडकन उठला. दाढीतले विंचू भराभर खाली पडले. "अरे करंट्या! गुरूचा मणी पोरीच्या खोलीत? गुरू ज्या घरात बसतो त्या घराची हानी करतो, आणि ज्या घराकडे बघतो त्याचं कल्याण करतो! पहिलं पंचांग शिकणाऱ्याला हे माहीत असतं! तू एकाही ज्योतिष्याला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी विचारलं होतं," राजा म्हणाला.

"मग?"

"मी नाही म्हणालो."

मांत्रिकाने कपाळावर हात मारून घेतला. कातळाचं दार सताड उघडलं होतं, पण राजाला पाऊल उचलवेना. एका शब्दाचं काम होतं. ज्योतिषी समोर बसले होते, पोथ्या उघड्या होत्या, आणि त्या एका शब्दापायी त्याने पोटची पोर झिजवली होती. तो तिथेच मातीत बसला आणि धाय मोकलून रडला. मांत्रिकाने त्याला बकोटीला धरून उभं केलं आणि आत ढकललं.

डोंगरावर मेधातिथी गाईला चारा घालत होते. राजाने त्यांना आधी ओळखलंच नाही. अंग भरलेलं, गालांवर लाली, केस अर्धे काळे झालेले. घराला नवं छप्पर. परसात फणस लगडलेले.

"आपण तर सुखात आहात!" राजाच्या तोंडून निघालं.

"मणी गेला आणि मी सुखात आलो," मेधातिथी म्हणाले. "चाळीस वर्षं तो माझ्या घरी बसला होता. माझं छप्पर, माझं अंग, माझी संतती त्याच्याखाली गेली. पण त्याची नजर तुझ्या राज्यावर होती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुझ्या आजाला सांगितलं. तुझ्या बापाला सांगितलं. तुझी वेळ आली तेव्हा तुलाही सांगायला बसलो, तर तू माझी मडकी फोडत होतास."

राजाने हात जोडले. "उपाय सांगा."

"उपाय सोपा आहे. मणी तिच्या खोलीतून काढायचा. पण त्याला कुठेतरी बसावं लागतं. नदीत टाकलास तर नदी आटेल, रानात टाकलास तर रान वाळेल. कोणीतरी जाणूनबुजून त्याला आपल्या घरात जागा द्यावी लागते. गुरू म्हणजे देणारा, अरिंजया. पत्रिकेत तो आपल्यापासून पाचव्या घराकडे बघतो, सातव्याकडे बघतो, नवव्याकडे बघतो. स्वतःच्या घराकडे बघत नाही. म्हणून त्याला घर देणाऱ्याने तेवढं सोसायचं असतं." म्हाताऱ्याने हात पुढे केला. "उद्या सूर्योदयाच्या आत तो मला दे. मला सवय आहे."

आणि इथेच, बरं का, राजाच्या मनात सगळे धागे एकदम जुळले. दे म्हणे! म्हणजे तो पक्षी यांचा, ती नावाडीण यांची, तो विंचवांचा मांत्रिकही यांचाच. मला रडवून, थकवून, माझ्याच तोंडून ठिकाण काढून घेतलं, आणि आता हात पसरलाय. 

"हे खरं कशावरून?" त्याने विचारलं.

"कशावरूनही नाही," मेधातिथी म्हणाले. "शंका असेल तर असू दे. पण चल. उजाडायच्या आत पोहोचायचं आहे."

जाताना तीन दिवस लागले होते. येताना तिन्ही दारं उघडी होती, नदी ओढ्याएवढी झाली होती आणि भारद्वाज वाट दाखवत होता. गुरुवारी झुंजुमुंजू झालं तेव्हा दोघे मनोऱ्याच्या पायथ्याशी होते. राजा पळत वर गेला. पहिलं कुलूप उघडलं, दुसरं उघडलं. तिसऱ्याची किल्ली सापडेना. किल्ल्या खणखणत होत्या.

"सुबंधू!" तो ओरडला. "इकडे या! सगळे या! मणी चारुच्या खोलीत आहे, बाहुल्यांमागे आहे, दारं उघडा!" आणि त्याने किल्ल्यांचा जुडगा प्रधानाच्या अंगावर फेकला. प्रधान, शिपाई, दूध चाखणारे तिघेही चाकर, सगळे दारांना भिडले. चार कुलुपं उघडली, एक मोडलं.

आत दाई पट्टा दोन्ही हातांनी धरून खिडकीशी ओढली जात होती. पट्ट्याच्या टोकाला चारुमती होती, खिडकीच्या बाहेर, पहाटेच्या उजेडात जेमतेम दिसेल एवढी. चाकरांनी पट्टा ओढून तिला आत घेतलं. राजाने बाहुल्या उधळल्या आणि मणी उचलला. मागे वळला तर दारात मेधातिथी उभे. हात पुढे केलेला.

राजाने त्या हाताकडे पाहिलं. भरलेला, निरोगी हात होता. उद्यापासून तो पुन्हा वाळायला लागणार होता, हे खरं असेल तर. खोटं असेल तर हा माणूस आज सगळ्या राज्याचा धनी होणार होता. कोणतं खरं हे सांगणारं त्या खोलीत कोणी नव्हतं, आणि पूर्वेला फटफटलं होतं.

"नको," राजा म्हणाला. "आपल्या घरी नको. माझ्या घरी."

"राजा, संशयाने ठेवून घेतोस की समजून?"

"अर्धं हे, अर्धं ते," राजा म्हणाला. खोटं बोलायला वेळच नव्हता.

"चालेल," म्हातारा हसून म्हणाला. "पळ!"

राजा मनोरा उतरला, चौक ओलांडला, आपल्या शयनगृहात शिरला आणि पलंगाशेजारच्या कोनाड्यात त्याने मणी ठेवला. खिडकी उघडली. समोर सगळं राज्य होतं. पुष्कराजाचा पिवळा उजेड बाहेर पडला आणि त्याच क्षणी सूर्याची कड वर आली. राजा कान देऊन उभा राहिला. काही ऐकू येईना. त्याला वाटलं, गेली. संपलं. फसलो मी.

मग मनोऱ्यावर धप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चांगली ठणठणीत किंकाळी, "आई गं! लागलं की मला! बाबा कुठेत?"

राजाने भिंतीला डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडला.

मग सगळं ठिकाणावर आलं. मेधातिथी राजगुरू होऊन परतले, गाय आणि काळे केस घेऊन. हेर आपापल्या गरोदर बायकांकडे गेले. ज्योतिष्यांची राजाने पाय धरून क्षमा मागितली. राजाच्या मनातला किडा म्हणाल तर तो मेला नाही. गुरुवारी राजगुरूंसमोर बसलं की अधूनमधून वळवळायचा. फरक एवढाच, की आता राजा ते तिथल्या तिथे मोठ्याने सांगून टाकायचा, "गुरुजी, आज मला आपली शंका येतेय," आणि दोघे पोट धरून हसायचे.

पण मणी मणीच होता. वर्षभरात राजाचे गाल बसले. त्याच्या घोड्याने अंथरूण धरलं. त्याच्या खोलीतली जाई सुकली आणि शालींना कसर लागली. त्याने लेकीला आपल्या खोलीत यायची बंदी केली. चारुमती फुरंगटून बसली. एके दिवशी ती उंबऱ्याबाहेर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आत काहीतरी लपवताय. मला तुमचा संशय येतो."

राजा आतून उंबऱ्यापाशी आला. मग त्याने सांगितलं. काही न गाळता, स्वतःची लबाडी, ज्योतिष्यांना दिलेलं उत्तर, सगळं सांगितलं. "तुला जवळ घ्यायचं असेल तेव्हा मी बाहेर येईन," तो म्हणाला. "पण तू या उंबऱ्याच्या आत यायचं नाहीस, पोरी."

 दुसऱ्या दिवशी सकाळी चारुमतीने आपली पाटी, आपला झोका आणि आपली आळशी मांजर उचलली आणि राजाच्या खिडकीसमोरच्या चौकात बिऱ्हाड मांडलं, बरोबर तिथे, जिथे आतून बघितलं की ती दिसेल. ती तिथे मोठ्याने पाढे म्हणू लागली. चुकले की वरून दुरुस्ती येई. त्या चौकात ती वाढली, उंच झाली, हसरी झाली, आणि राजा दिवसेंदिवस हडकत खिडकीत बसून तिच्याकडे बघत राहिला.

अशी ही गुरूच्या मण्याची गोष्ट, ऐकणाऱ्यांना सुखाची होवो. गुरूची नजर तुमच्याआमच्या घरावर राहो. आणि ती राहिली, तर तो बसलाय कोणाच्या घरी तेही कधी जाऊन बघा, आणि जाताना त्या माणसासाठी काहीतरी गरम घेऊन जा.